कळफलकावरील लयखेळ : कौशल्य कसे वाढवावे?

संगणकाच्या पडद्यावर सरकत येणारी चिन्हे ठरावीक रेषेवर पोहोचताच, संगीताच्या ठोक्याबरोबर नेमून दिलेली कळ दाबणे, हे लयखेळांचे मूळ स्वरूप होय. जपानच्या कोनामी कंपनीने १९९७ मध्ये पाच कळा आणि एक फिरती तबकडी असलेले 'बीटमेनिया' हे यंत्र तेथील खेळघरांत आणले व या प्रकाराला चालना मिळाली. पुढे 'स्टेपमेनिया' ही मुक्त प्रणाली, तसेच ऑस्ट्रेलियाचे डीन हर्बर्ट यांनी २००७ मध्ये सुरू केलेला 'ओसू!' हा मोफत खेळ यांमुळे तो घरगुती संगणकावर रुळला. 'ओसू!'च्या 'मेनिया' या विभागात प्रामुख्याने चार किंवा सात कळांनी खेळले जाते.

या खेळात अचूकता मिलिसेकंदात मोजली जाते. स्टेपमेनियाच्या मूळ मांडणीत सर्वोच्च गुणांसाठी कळ योग्य क्षणाच्या २२.५ मिलिसेकंद आधी वा नंतर, एवढ्याच अवधीत दाबावी लागते. त्यामुळे हाताच्या सरावापूर्वी उपकरणांची तपासणी करणे इष्ट ठरते. ब्लूटूथ हेडफोनमधील आवाज अनेकदा शंभर मिलिसेकंदांहून अधिक उशिरा कानी पडतो. तारेचा हेडफोन वापरावा आणि उरलेला फरक खेळातील 'ऑफसेट' या सुविधेने दूर करावा.

कळफलकाचीही एक अडचण असते. अनेक साध्या कळफलकांवर विशिष्ट तीन-चार कळा एकाच वेळी दाबल्यास त्यांपैकी एखादी नोंदलीच जात नाही आणि खेळाडू विनाकारण स्वतःला दोष देत राहतो. एखादी कोरी मजकूर फाइल उघडून डी, एफ, जे आणि के या कळा एकदम दाबून पाहाव्यात. चारही अक्षरे न उमटल्यास खेळासाठी दुसऱ्या कळा निवडाव्यात. त्यासाठी लगेच महागडा कळफलक घेण्याची आवश्यकता नाही.

चिन्हे संथ गतीने सरकली तर खेळ सोपा होईल, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात उलट घडते. मिनिटाला १८० ठोके असलेल्या गाण्यात प्रत्येक ठोक्याला चार चिन्हे आली, तर दोन चिन्हांमध्ये जेमतेम ८३ मिलिसेकंदांचे अंतर राहते. सरकण्याची गती कमी ठेवल्यास ही चिन्हे पडद्यावर दाटीवाटीने येतात आणि डोळ्यांना ती वेगळी करता येत नाहीत. गती वाढविल्याने संगीताची लय बदलत नाही, केवळ चिन्हांमधील अंतर मोकळे होते. ही वाढ मात्र डोळ्यांना सवय होईल तशी, टप्प्याटप्प्याने करावी.

संगीताचीच लय कमी करणे ही निराळी बाब. तबल्याचा विद्यार्थी एखादा कायदा आधी ठाय लयीत बसवून मग दुगुन करतो, तोच मार्ग येथेही उपयोगी पडतो. 'ओसू!'मधील 'हाफ टाइम' या पर्यायाने, नाव काहीही असले तरी, गाणे ७५ टक्के वेगाने वाजते. अवघड रचना त्या वेगात स्वच्छ वाजू लागल्यावरच मूळ वेगाकडे वळावे. अतिकठीण गाण्यावर कळा बडवून कसेबसे शेवटपर्यंत पोहोचण्यातून हाती फारसे लागत नाही. अचूकता ९५ टक्क्यांच्या आसपास राहील, अशीच पातळी सरावाला निवडणे श्रेयस्कर.

तसेच एकच गाणे दिवसभर घोटणे टाळावे. अशा वेळी डोळे वाचणे थांबवतात, बोटे पाठ झालेल्या क्रमाने चालू लागतात आणि चुकीचा क्रमही तितकाच पक्का बसतो. तो पुसण्याचा उपाय म्हणजे ते गाणे काही आठवडे बाजूला ठेवणे. एरवी निरनिराळी गाणी एक-दोनदा वाजविल्याने वाचनशक्ती वाढते. एकच कळ वेगाने पुनःपुन्हा दाबावयाच्या रचना मनगटावर सर्वाधिक ताण देतात. त्या सत्राच्या आरंभीच, थकण्यापूर्वी घ्याव्यात.

बोटे हलकी ठेवावीत, कळ तळापर्यंत दाबण्यासाठी जोर लावू नये आणि दर अर्ध्या तासाने हातांना विश्रांती द्यावी. मनगटात वेदना, बोटांना मुंग्या किंवा बधिरता जाणवल्यास खेळ तत्काळ थांबवावा. विश्रांतीनंतरही त्रास कायम राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.