बहिष्कार कोणाचा, नुकसान कोणाचे?

पुरुषांची हॉकी ऑलिंपिकमध्ये 1908 साली आली. स्त्रियांच्या हॉकीला 1980 उजाडावे लागले. आणि त्या वर्षी मॉस्कोला उतरले सहाच संघ!

1976 चा विश्वचषक जिंकलेल्या पश्चिम जर्मनीच्या मुली घरीच राहिल्या. रशियाने अफगाणिस्तानात फौजा घातल्या म्हणून अमेरिकेने बहिष्कार पुकारला, आणि पश्चिम जर्मनीच्या ऑलिंपिक समितीने बहुमताने तो उचलून धरला. आमच्याकडे जिनात संप करायचा तर ज्याची मजुरी बुडणार, त्याचा हात आधी वर व्हावा लागतो. तेथे मते देणाऱ्या किती जणांच्या हातात हॉकीची काठी होती? बचावफळीत वर्षानुवर्षे गोल राखणाऱ्या पोरीची उमेदीची वर्षे काही थांबून राहत नाहीत.

मॉस्कोत सुवर्णपदक ऐनवेळी आमंत्रण गेलेल्या झिंबाब्वेने नेले. भारत चौथा आला. त्या संघात पुण्याच्या एलिझा नेल्सन होत्या.

जर्मन मुलींनी 1981 साली विश्वचषक पुन्हा जिंकला, पण ऑलिंपिकचे मैदान त्यांना दिसले 1984 साली, लॉस एंजेलिसला. तेथे त्यांना रौप्यपदक मिळाले. त्या खेपेस बहिष्कार रशियाचा होता, एवढाच फरक!

नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारताने 1982 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. मात्र आपला स्त्रियांचा संघ ऑलिंपिकला पुन्हा पोचला तो 2016 साली, रिओला.