शीर्षकातून वगळलेला शब्द

माझा एक जुना विद्यार्थी दिवा-मुंब्य्राच्या दरम्यान लोकलच्या दारातून पडला. मणक्याला मार बसला, कमरेखालची हालचाल गेली. त्याला आता दोन वर्षं झाली. परवा त्याची अम्मी एका खासगी दवाखान्याचं पत्रक घेऊन आली. ‘‘सर, जरा पढ़ के बताओ.’’ वर ठळक मथळा: ‘स्टेम सेल उपचार’. राबोडीतली खोली विकायची त्यांची तयारी होती.

मी भाषेचा मास्तर; ‘उपचार’ या शब्दावरच अडलो. कारण त्याला इतिहास आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2007 साली मूळ पेशींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा शीर्षकात ‘संशोधन आणि उपचार’ असं होतं. 2013 च्या आवृत्तीत ‘उपचार’ वगळला, फक्त ‘संशोधन’ उरलं. रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं अजून प्रयोगच आहे, ही भूमिका 2017 मध्येही कायम राहिली. एवढा एक शब्द दवाखान्यांच्या पाट्यांवरून मात्र गेला नाही.

सुमारे 3600 वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन पपायरसात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाबद्दल ‘इलाज करू नये असा आजार’ असं लिहिलंय. असे रुग्ण पुढेही बेडसोर आणि लघवीच्या संसर्गाने जात. इंग्लंडमध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी 1944 पासून रुग्णाला वेळोवेळी कुशीवर वळवणं, व्यायाम, खेळ यांवर भर दिला आणि माणसं जगू लागली. आपल्या सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांना 1965 च्या युद्धात मणक्यात गोळी लागली. 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याचं सुवर्णपदक आणलं. त्यात पेशींचं इंजेक्शन नव्हतं.

म्हणजे मूळ पेशी थोतांड आहेत, असं नाही. जपानच्या केयो विद्यापीठाने चार रुग्णांच्या मणक्यात अशा पेशींपासून बनवलेल्या चेतापेशींच्या पूर्वपेशी सोडल्या. 2025 मध्ये त्यांनी सांगितलं की दोघांची हालचाल सुधारली, त्यातला एक आधाराविना उभा राहिला. पण चारच माणसं, आणि सगळ्यांची इजा काही आठवड्यांचीच.

मी अम्मीला दोन प्रश्न लिहून दिले. हा प्रयोग सरकारी नोंदवहीत आहे का, नंबर काय? आणि प्रयोग असेल तर पैसे कसले?

तिने पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं, फेकलं नाही. मग हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत कोणत्या वारी जायचं, ते विचारलं.