पाय नसलेला पक्षी



आपल्या घरच्या मसाल्याच्या डब्यातील लवंग मूळची कोठली, असे विचारले तर पुष्कळजण कोकणाकडे नाही तर केरळाकडे बोट दाखवतील. वस्तुतः ती मूळची मोलुक्का बेटांची. आजच्या इंडोनेशियाच्या पूर्वेकडे, विषुववृत्ताच्या लगत, तेर्नाते, तिदोरे, माकियान अशी ज्वालामुखींची रांगच समुद्रातून वर आली आहे. वर धुमसणारे शिखर, खाली राखेने सकस झालेली जमीन आणि बारमाही पाऊस. असल्या भूमीवर लवंग पिकली आणि घनदाट अरण्येही माजली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तेर्नातेत किल्ला बांधला, तेव्हा तेथील कारभाराचे धागे गोव्यापर्यंत येऊन पोहोचत होते. १५७५ साली सुलतान बाबुल्ला याने त्यांना तेथून हाकलले.

परंतु आज मला सांगायचे आहे ते लवंगेविषयी नव्हे, तर त्या बाजूच्या पक्ष्यांविषयी आणि ते पाहणाऱ्या माणसांविषयी.

१५२१ साली मॅगेलनचे खलाशी या बेटांवर पोहोचले, तेव्हा बाचान बेटाच्या राजाने स्पेनच्या राजासाठी दोन मृत पक्षी भेट दिले. मलायी व्यापारी त्या जातीच्या पक्ष्यांना ‘देवतांचे पक्षी’ म्हणत. हा ‘देवता’ शब्द आपल्याच संस्कृतातून तिकडे गेलेला. शिकारी या पक्ष्यांचे पाय काढून टाकीत व कातडी धुरावर सुकवीत. युरोपात जे पोहोचले ते असे पाय नसलेले, आणि तेथे समजूत रूढ झाली की हा नंदनवनीचा पक्षी जमिनीला कधी शिवतच नाही, जन्मभर हवेत तरंगतो. लिनियसने १७५८ साली त्यातील एका जातीला शास्त्रीय नाव दिले, तेही ‘पाय नसलेला’ याच अर्थाचे! पिसे पाहिली, पण अरण्य पाहिले नाही, की असेच व्हावयाचे.

हे अरण्य डोळ्यांनी पाहण्यासाठी आलेल्यांत सर्वांत मोठे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस याचे. घरची गरिबी, विद्यापीठाचे शिक्षण नाही. जमवलेले नमुने विकून त्यावर प्रवासाचा खर्च भागवावा, अशी त्याची स्थिती. १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षे तो या द्वीपसमूहात हिंडला आणि त्याच्या संग्रहात १,२५,६६० नमुने जमा झाले; त्यांपैकी पक्षी ८,०५०. जानेवारी १८५८ मध्ये तो तेर्नातेत उतरला. ज्वालामुखीच्या पायथ्याशी वसलेले हे गाव. १८४० च्या भूकंपाने पाडलेल्या भिंती अजून जागोजाग दिसत होत्या. तेर्नातेहूनच त्याने डार्विनला तो सुप्रसिद्ध निबंध धाडला. १ जुलै १८५८ रोजी लंडनमध्ये दोघांचे विचार एकत्र वाचले गेले, आणि नैसर्गिक निवडीचे तत्त्व जगापुढे आले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो बाचानला गेला. एके दिवशी रानातून परतताना त्याचा साथीदार अली भेटला. अलीच्या कमरपट्ट्याला एक विलक्षण पक्षी लटकत होता: छातीवर चमकते हिरवे कवच, आणि प्रत्येक खांद्यापासून निघालेली दोन-दोन लांब पांढरी पिसे. शास्त्राला अगदी नवा असा नंदनपक्षी! १८५९ साली त्याला नाव मिळाले, ते वॉलेसचे. वॉलेसचा मोठेपणा हा की पक्षी अलीने आणला, ही गोष्ट त्याने आपल्या ग्रंथात स्वच्छ लिहून ठेवली.

हा अली सारावाकचा मलायी तरुण. नोकर म्हणून आला. नेमबाजी शिकला, पक्ष्याची कातडी सोलून टिकवण्यात तरबेज झाला, आणि मालक तापाने अंथरुणाला खिळला की त्याची शुश्रूषाही त्यानेच केली. १८६२ मध्ये सिंगापुरात निरोप देताना वॉलेसने त्याला पैसे आणि दोन बंदुका दिल्या व त्याचे छायाचित्र काढवून घेतले. पुढे १९०७ साली टॉमस बार्बर या अमेरिकन संशोधकाला तेर्नातेत एक वृद्ध भेटला. त्याने आपले नाव सांगितले: ‘अली वॉलेस’.

मग शोध कोणाचा? युरोपच्या त्या पक्ष्याला पाय नव्हते, तसेच युरोपच्या ज्ञानालाही तेथे स्वतःचे पाय नव्हते. ते अलीच्या, आणि नाव न उरलेल्या शेकडो वाटाड्यांच्या पायांनी चालले.

वॉलेसला आणखी एक गोष्ट जाणवली होती. १८५७ साली आरू बेटांवर नंदनपक्षी पाहताना त्याच्या मनात आले की सुधारलेला माणूस येथवर आला तर ज्या सौंदर्याची पारख त्यालाच आहे, तेच तो नष्ट करील. भीती अनाठायी नव्हती. पुढे स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे मिरवण्याची फॅशन आली आणि नंदनपक्ष्यांची कातडी गाठोड्यांनी बाजारात आली. या आयातीला अमेरिकेने १९१३ साली व ब्रिटनने १९२१ साली कायद्याने पायबंद घातला.

आज बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली आहे. हाल्माहेराच्या रानात पहाटेच्या काळोखात प्रवासी जाऊन उभे राहतात. उजाडताना नर पांढरी पिसे ताठ उभारून नाचू लागतात. इंडोनेशियन भाषेत या पक्ष्याला ‘बिदादरी’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपली ‘विद्याधरी’. २००४ साली तेथे आकेताजावे-लोलोबाता राष्ट्रीय उद्यान झाले. परंतु त्याच बेटावर वेडा उपसागराच्या काठी निकेलच्या खाणी आणि कारखाने वाढत आहेत. ते निकेल पोलादाला लागते, विजेऱ्यांना लागते. म्हणजे तुम्हाआम्हालाच लागते.

या झगड्यात पक्ष्याची बाजू कोण घेणार? दुर्बीणवाला चार दिवसांचा पाहुणा. नाचाचे झाड कोणते, हे ठाऊक असते ते पाड्यावरच्या वाटाड्याला. जिवंत पक्षी दाखवून त्याच्या घरची चूल पेटत असेल, तर त्या झाडाला राखणदार मिळाला. ती पेटत नसेल, तर खाणीची मजुरी त्याला बोलावतेच आहे, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून रान पाहण्यास जो जो जाईल त्याने, मग ते रान मोलुक्कातले असो की सह्याद्रीतले, पक्ष्याचे नाव वहीत टिपताना वाटाड्याचेही टिपावे आणि त्याचे मोल चोख द्यावे. रान टिकते ते अशा माणसांच्या जिवावर.