बटाटेवडा

बटाटेवडा हा महाराष्ट्रातील एक तळलेला खाद्यपदार्थ आहे. उकडलेल्या बटाट्याच्या मसालेदार भाजीचे गोळे बेसनाच्या सरसरीत पिठात बुडवून व तेलात तळून तो तयार केला जातो. बाहेरचे आवरण कुरकुरीत आणि आतील सारण मऊ असणे हे चांगल्या वड्याचे लक्षण मानले जाते. पावात घालून दिल्यास त्यास वडापाव म्हणतात. ठाणे, कल्याण व डोंबिवली या उपनगरी रेल्वेमार्गावरील शहरांत बटाटेवडा घरोघरी केला जातो, तसेच स्थानक परिसरातील गाड्यांवर व उपाहारगृहांत विकला जातो. कल्याणचा ‘खिडकी वडा’ हे घरगुती वड्याचे व्यवसायात रूपांतर झाल्याचे परिचित उदाहरण आहे.

नाव

‘वडा’ हा शब्द संस्कृत ‘वटक’ या शब्दापासून आला आहे. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. वड्याचा जोडीदार असलेला ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच आहे. उत्तर भारतातील ‘आलू’ऐवजी मराठी, कोकणी व गुजराती भाषांत पोर्तुगीज वळणाचे नाव रूढ झाले, यावरून पश्चिम किनाऱ्यावरील या संपर्काची कल्पना येते.

इतिहास

डाळीच्या पिठाचे वडे भारतात फार जुने आहेत. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात वड्यांचे उल्लेख येतात. बटाटा व मिरची ही मात्र मूळची अमेरिका खंडातील पिके असून ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर भारतात पोहोचली. त्यामुळे आजच्या स्वरूपातील बटाटेवडा हा तुलनेने अर्वाचीन पदार्थ ठरतो. त्यातील बेसन, हिंग, हळद व मोहरीची फोडणी जुन्या स्वयंपाकातील, तर बटाटा व मिरची समुद्रापलीकडून आलेली आहे.

वडा पावात घालून विकण्याचे श्रेय सामान्यतः अशोक वैद्य यांना दिले जाते. त्यांनी १९६६ मध्ये मुंबईतील दादर रेल्वे स्थानकाबाहेर आपली गाडी सुरू केली. कमी पैशांत, उभ्याउभ्या व ताटलीशिवाय खाता येणारा हा पदार्थ गिरणी कामगारांमध्ये लोकप्रिय झाला. १९८२ च्या गिरणी संपानंतर रोजगार गमावलेल्या अनेकांनी उपजीविकेसाठी वडापावच्या गाड्या सुरू केल्या.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर

बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. १८५४ मध्ये हा मार्ग कल्याणपर्यंत वाढविण्यात आला. पुढे मुंबईत नोकरी आणि ठाणे, डोंबिवली किंवा कल्याण येथे घर अशी या पट्ट्यातील असंख्य कुटुंबांची दिनचर्या बनली. पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्या नोकरदारांना गाडी पकडण्यापूर्वी किंवा उतरल्यावर पटकन खाता येईल अशा पदार्थाची गरज होती. ती गरज वड्याने भागवली.

कल्याण येथील वझे कुटुंबाने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात वडे विकण्यास सुरुवात केली. रस्त्याकडे तोंड असलेल्या घराच्या खिडकीतून ते वडे ग्राहकांच्या हाती देत. त्यावरून ‘खिडकी वडा’ हे नाव पडले. स्वतंत्र दुकान, गाळा किंवा गाडी नसताना घरच्या चुलीवरील पदार्थ थेट रस्त्यावरील ग्राहकापर्यंत पोहोचविण्याची ही पद्धत होती.

ठाण्यात रेल्वे स्थानकाजवळील ‘कुंजविहार’ हे उपाहारगृह मोठ्या आकाराच्या वड्यासाठी, तर नौपाडा भागातील ‘गजानन’ हे वड्यासोबत मिळणाऱ्या बेसनाच्या पिवळ्या चटणीसाठी ओळखले जाते.

कल्याणपासून पुण्याच्या दिशेने जाणाऱ्या मार्गावरील कर्जत स्थानकाचा वडाही प्रसिद्ध आहे. बोरघाट चढण्यासाठी गाड्यांना येथे मागून जादा इंजिन जोडले जाते. त्यासाठी गाडी थांबत असल्याने फलाटावर वडे विकत घेण्यास प्रवाशांना वेळ मिळतो. दिवाडकरांचा वडा हा येथील विशेष परिचित वडा आहे.

घरगुती कृती

साहित्य

पुढील प्रमाणात साधारण १२ मध्यम वडे होतात.

सारणासाठी: बटाटे ५०० ग्रॅम, हिरव्या मिरच्या ५ ते ६, लसणाच्या पाकळ्या ८ ते १०, आले १ इंच, मोहरी अर्धा चमचा, हिंग पाव चमचा, हळद अर्धा चमचा, कढीपत्त्याची ८ ते १० पाने, चिरलेली कोथिंबीर, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ व फोडणीपुरते तेल.

आवरणासाठी: बेसन १५० ग्रॅम, तांदळाचे पीठ २ मोठे चमचे, हळद पाव चमचा, चिमूटभर खाण्याचा सोडा, मीठ व अंदाजे पाऊण वाटी पाणी.

तळण्यासाठी: शेंगदाण्याचे किंवा अन्य खाद्यतेल.

सारण

बटाटे सालासकट उकडावेत. सोलून व चिरून उकडल्यास ते पाणी शोषतात आणि सारण चिकट होते. उकडलेले बटाटे पाण्याबाहेर काढून वाफ जाऊ द्यावी, मग सोलून हाताने जाडसर कुस्करावेत. पूर्ण लगदा न करता मधूनमधून लहान फोडी ठेवण्याची पद्धत आहे. आले, लसूण व मिरची पाणी न घालता खलबत्त्यात ठेचावी. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता व हळदीची फोडणी करून त्यात हे वाटण परतावे आणि बटाट्यावर ओतावे. मीठ, लिंबाचा रस व कोथिंबीर मिसळून सारण पूर्ण थंड करावे व त्याचे लिंबाएवढे किंवा त्याहून थोडे मोठे गोळे वळावेत. कांदा घातल्यास सारणाला पाणी सुटते, म्हणून वड्याच्या भाजीत तो अनेकदा टाळला जातो.

पीठ व तळणी

बेसन चाळून त्यात तांदळाचे पीठ, हळद, मीठ व सोडा घालावा आणि थोडेथोडे पाणी घालत गुठळ्या मोडाव्यात. चमचा बुडवून काढल्यावर त्याच्या पाठीवर सलग थर राहील इतपत पीठ दाट असावे. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. तापमापक नसल्यास पिठाचा थेंब तेलात टाकून पाहतात. तो तळाशी बसून राहिल्यास तेल थंड असते, लगेच वर येऊन तपकिरी झाल्यास जास्त तापलेले असते, आणि वर येऊन सावकाश फुलल्यास योग्य असते. गोळा सर्व बाजूंनी पिठात घोळवून तेलात सोडावा. एका वेळी चार ते पाचच वडे तळावेत, कारण जास्त वडे सोडल्यास तेलाचे तापमान घसरते. साधारण तीन ते चार मिनिटांत आवरण सोनेरी होते. तळलेले वडे जाळीवर काढावेत.

उरलेल्या पिठाचे थेंब तेलात सोडून ‘चुरा’ तळला जातो. लसूण, सुके खोबरे व लाल तिखटाची कोरडी चटणी आणि मीठ लावून तळलेल्या हिरव्या मिरच्या हे वड्याचे नेहमीचे तोंडीलावणे आहे.

कुरकुरीतपणाची कारणे

वडा तेलात सोडल्यावर आवरणातील पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडू लागते. पृष्ठभागावर दिसणारे बुडबुडे या वाफेचेच असतात. पाणी कमी होत गेल्यावर बेसनातील प्रथिने व पिष्ट यांचा कोरडा, सच्छिद्र थर तयार होतो. प्रथिने व शर्करा यांच्यातील मेयार अभिक्रियेमुळे त्यास सोनेरी रंग व खमंग वास येतो. तांदळाच्या पिठामुळे हा थर अधिक ठिसूळ होतो. सोड्यामुळे आवरण हलके होते. मात्र तो जास्त झाल्यास वडा तेलकट होतो व त्याचा रंग गडद पडतो.

सारण आधीच शिजलेले असल्याने तळण्याचे काम मुख्यतः आवरणापुरते असते. गोळ्याचा एखादा भाग पिठाविना राहिल्यास तेथून सारण तेलात सुटते आणि वडा फुटतो. तळल्यानंतर सारणातील ओलावा हळूहळू आवरणात शिरतो, त्यामुळे वडा काही वेळाने मऊ पडतो. गरम वडे झाकून ठेवल्यास किंवा बंद डब्यात भरल्यास वाफ कोंडली जाऊन ही क्रिया वेगाने होते. घाण्यातून काढलेला वडा लगेच खाण्याचा आग्रह धरला जातो, त्यामागे हेच कारण आहे.

प्रकार व तत्सम पदार्थ

कोल्हापूरकडे तिखट रश्श्यात बुडवून दिला जाणारा ‘कटवडा’ आणि नाशिकचा ‘उलटा वडापाव’ हे परिचित प्रकार आहेत. उलट्या वडापावात बटाट्याची भाजी पावात भरून संपूर्ण पाव बेसनात बुडवून तळतात. दक्षिण भारतातील बटाट्याचा बोंडा हा बटाटेवड्याचा जवळचा नातलग आहे.

शिजवलेले मऊ सारण आवरणात बंद करून तळण्याची कल्पना जगभर आढळते. इटलीतील सिसिली बेटावरील भाताचे ‘अरांचिनी’ आणि युरोपातील ‘क्रोकेट’ ही तिची उदाहरणे होत. अमेरिकेत चीज घातलेली शिजवलेली मॅकरोनी थंड करून तिचे गोळे किंवा तुकडे मैदा, अंडे व पावाचा चुरा यांत घोळवून तळतात. चीज उष्णतेने वितळत असल्याने ती मॅकरोनी आधी शीतकपाटात घट्ट करावी लागते. बटाट्याचे सारण तळताना वितळत नाही, म्हणून ते खोलीच्या तापमानाला आणलेले पुरते. तसेच बेसन स्वतःच घट्ट चिकटत असल्याने अंड्याची गरज भासत नाही.

आरोग्य व अन्नसुरक्षा

तेच तेल वारंवार तापविल्यास त्यात ध्रुवीय संयुगे वाढत जातात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के असून हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याहून अधिक प्रमाण झालेले तेल खाद्यपदार्थांसाठी वापरता येत नाही. घरी हे प्रमाण मोजण्याची सोय नसते. तेल काळपट व दाट होणे, त्यास फेस येणे किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर येणे ही ते टाकून देण्याची लक्षणे समजावीत. प्रत्येक तळणीनंतर तेल गाळून घेतल्यास त्यातील जळका चुरा निघून जातो.

वडे वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. छपाईच्या शाईतील घातक द्रव्ये गरम व तेलकट पदार्थात उतरू शकतात. त्यामुळे खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळण्यास किंवा साठविण्यास २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांन्वये मनाई आहे. तळलेल्या वड्यांतील तेल टिपण्यासाठीही छापील कागद वापरू नये.

हे सुद्धा पहा

वडापाव
साबुदाणा वडा
मिसळ
कांदाभजी
कल्याण
ठाणे