थकलेल्या बिलाची खोली: पॅरिसचे 'लोतेल'

पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या तीरावर, 'एकोल दे बोझार' या विख्यात कलाशाळेकडे जाणारी एक आखूड गल्ली आहे. तेथील १३ क्रमांकाच्या इमारतीत अवघ्या वीस खोल्यांचे 'लोतेल' वसले आहे. ('लोतेल' म्हणजे नुसतेच 'हॉटेल', हा तोरा पॅरिसलाच शोभावा!) आज ते शहरातील महागड्या मुक्कामांपैकी एक आहे. मात्र ज्या पाहुण्यामुळे ते जगप्रसिद्ध झाले, त्याला येथले बिल फेडता आले नव्हते.

तो पाहुणा म्हणजे ऑस्कर वाइल्ड. १८९५ मध्ये अटक झाली तेव्हा त्याची दोन नाटके लंडनमध्ये एकाच वेळी सुरू होती. समलिंगी संबंधांच्या आरोपावरून त्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. मे १८९७ मध्ये सुटताच त्याने इंग्लंड सोडले, ते कायमचे. पुढे 'सेबॅस्टियन मेलमॉथ' हे नाव धारण करून, मित्रांनी पाठवलेल्या पैशांवर तो दिवस कंठू लागला.

तेव्हा या हॉटेलचे नाव होते 'ओतेल दाल्सास' आणि दर्जा बेताचाच. मालक झाँ द्युपवारिए. वाइल्डच्या कथेत या माणसाला क्वचितच जागा मिळते, हा अन्यायच होय. दुसऱ्या एका हॉटेलात थकबाकीपोटी अडकलेले वाइल्डचे सामान त्यानेच स्वतःच्या खिशातून पैसे भरून सोडवले. ऑक्टोबर १९०० मध्ये वाइल्डच्या कानावर शस्त्रक्रिया झाली, तीही हॉटेलच्या खोलीतच. ३० नोव्हेंबर रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी, त्याने तेथेच प्राण सोडला. त्याचे देणे पुढे मित्र रॉबर्ट रॉसने चुकते केले. अंत्यसंस्कार अगदी स्वस्तातले होते. त्या वेळी द्युपवारिएने वाहिलेल्या मण्यांच्या स्मरणचिन्हावर अक्षरे होती: 'माझ्या भाडेकरूस'.

भिंतीवरच्या कागदाविषयीचा तो प्रसिद्ध विनोद वाइल्डचे अखेरचे शब्द म्हणून सर्वत्र फिरतो. प्रत्यक्षात त्या अर्थाचे उद्गार त्याने मृत्यूच्या काही आठवडे आधी एका परिचित स्त्रीजवळ काढले होते.

हॉटेलचा कायापालट झाला १९६७ मध्ये. गी-लुई द्युबूशरों यांनी त्याला ऐश्वर्याचा साज चढवला. २००० च्या सुमारास सजावटकार झाक गार्सिया यांनी पुन्हा मखमल, सोनेरी चौकटी आणि गडद रंग भरले. एका खोलीत गायिका मिस्तँगेत हिचा पलंग आहे. अर्जेंटिनाचे लेखक बोर्हेस वृद्धापकाळी येथे वारंवार उतरत, आणि त्यामागे एक जुना धागा होता. वाइल्डच्या 'द हॅपी प्रिन्स' या कथेचा स्पॅनिश अनुवाद त्यांनी वयाच्या नवव्या वर्षी केला होता आणि तो ब्यूनोस आयरेसच्या वृत्तपत्रात छापूनही आला होता.

१६ क्रमांकाची खोली आता वाइल्डच्या नावाने ओळखली जाते. भिंतींवर हिरव्या-सोनेरी रंगांत मोर रंगवले आहेत. तेथेच बिलाच्या वसुलीसाठी त्याला लिहिलेले पत्रही लावले आहे. त्या खोलीचे भाडे भरणारा पाहुणा ते कौतुकाने वाचतो.