स्वामित्व आणि त्याग : फ्रान्सिस्कन संघातील दारिद्र्यव्रताचा वाद (इ.स. १२०९ ते १३२३)

प्रस्तावना

इ.स. १३२१ च्या एप्रिल महिन्यात कोकणातील ठाणे बंदरात स्थानिक काझीसमोर झालेल्या धार्मिक वादातून चार फ्रान्सिस्कन संन्याशांना देहदंड झाला. त्यांतील वयोवृद्ध थॉमस हे इटलीतील टोलेंतिनो गावचे. या थॉमस यांना त्यापूर्वी सुमारे तीन दशके त्यांच्याच संघाने बंदिवासात ठेवले होते, कारण दारिद्र्यव्रताचा आग्रह ते सोडत नव्हते. ऐहिक धनाच्या त्यागावर ज्या संघाची उभारणी झाली, त्याच संघाला त्यागाचा आग्रह धरणारे बांधव असह्य का व्हावेत, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्रताचा पाया

संत फ्रान्सिस हे असिसी येथील एका श्रीमंत कापड व्यापाऱ्याचे पुत्र. इ.स. १२०६ च्या सुमारास त्यांनी बिशपसमोर अंगावरची वस्त्रेदेखील पित्याला परत केली. शुभवर्तमानात ख्रिस्ताने धनवान तरुणाला सर्वस्व विकून दरिद्री लोकांना देण्यास सांगितले आहे. ही आज्ञा फ्रान्सिस यांनी शब्दशः घेतली. इ.स. १२०९ च्या सुमारास पोप तिसरे इनोसंट यांनी या लहानशा समूहाला तोंडी मान्यता दिली. इ.स. १२२३ मध्ये पोप होनोरियस तिसरे यांनी मान्य केलेल्या नियमावलीत नाणे किंवा पैसा स्वतः अथवा दुसऱ्यामार्फतही स्वीकारण्यास मनाई होती. मठवासी व्यक्तीने खासगी मालमत्ता न ठेवणे ही प्रथा जुनीच होती. संघानेही सामूहिकरीत्या काही बाळगू नये, हे येथे नवे होते.

वापर आणि मालकी

फ्रान्सिस यांचे निधन इ.स. १२२६ मध्ये झाले. त्यानंतर दोनच वर्षांत असिसी येथे त्यांच्या नावाच्या भव्य मंदिराची पायाभरणी झाली. संघ युरोपभर पसरला. निवास, ग्रंथ, चर्च, विद्यापीठांतील अध्यापन यांची गरज निर्माण झाली. व्रत आणि गरज यांचा मेळ घालण्यासाठी कायद्याचा आधार घेण्यात आला. इ.स. १२३० मध्ये पोप ग्रेगरी नववे यांनी फ्रान्सिस यांचे मृत्युपत्र संघावर बंधनकारक नसल्याचे ठरविले, तसेच वस्तूंचा वापर आणि त्यांचे स्वामित्व यांत भेद केला. इ.स. १२४५ मध्ये पोप इनोसंट चौथे यांनी संघाच्या वापरातील मालमत्तेचे स्वामित्व पोपपीठाकडे घेतले. इ.स. १२७९ मध्ये पोप निकोलस तिसरे यांनी या व्यवस्थेला तात्त्विक अधिष्ठान दिले आणि त्यावर पुढे चर्चा करण्यास मनाई केली.

या तोडग्यामुळे संघ कागदोपत्री निर्धन राहिला. परंतु दारिद्र्याची कसोटी जीवनाकडून दस्तऐवजाकडे सरकली. मालक पोप असल्याने भरलेली कोठारेही व्रतात बसू लागली. याविरुद्ध पीटर जॉन ओलिवी (मृत्यू इ.स. १२९८) यांच्यासारख्या विचारवंतांनी प्रतिपादन केले की स्वामित्वाचा त्याग पुरेसा नसून वापरही अत्यल्प असणे हा व्रताचाच भाग आहे. या मताचे अनुयायी ‘आध्यात्मिक’ म्हणून ओळखले गेले. थॉमस यांची निष्ठा याच प्रवाहाशी होती. इ.स. १२८९ मध्ये नवे संघप्रमुख रेमंड गॉफ्रिदी यांनी त्यांची व त्यांच्या सहकाऱ्यांची सुटका केली आणि त्यांना आर्मेनियात धर्मकार्यासाठी पाठविले. तेथून पूर्वेकडे सुरू झालेली त्यांची वाटचाल अखेर ठाण्यात संपली.

संघर्षाचा शेवट

इ.स. १३१६ मध्ये पोप झालेले जॉन बाविसावे हे कायद्याचे जाणकार होते. पुढील वर्षी त्यांनी आखूड वस्त्रे वापरणाऱ्या आणि धान्यसाठ्यास विरोध करणाऱ्या संन्याशांना वरिष्ठांची आज्ञा पाळण्यास बजावले. आज्ञा नाकारणाऱ्या चौघांना इ.स. १३१८ मध्ये मार्सेय येथे जिवंत जाळण्यात आले. इ.स. १३२२ मध्ये पोपनी चर्चेवरील बंदी उठविली आणि संघाच्या वस्तूंचे स्वामित्व संघाकडेच परत सोपविले. त्यांचा युक्तिवाद मार्मिक होता : खाल्लेल्या भाकरीचा वापर आणि तिची मालकी वेगळी कशी करणार? इ.स. १३२३ मध्ये मात्र ते याहून पुढे गेले. ख्रिस्त आणि त्याच्या प्रेषितांकडे व्यक्तिशः वा सामूहिकरीत्या काहीच नव्हते, असे आग्रहाने म्हणणे त्यांनी पाखंड ठरविले. संघप्रमुख मायकेल आणि तत्त्वज्ञ विल्यम ऑफ ऑकम इ.स. १३२८ मध्ये आविन्यों येथून निसटले व सम्राट लुडविग यांच्या आश्रयाला गेले.

निष्कर्ष

या वादातील कोणत्याही पक्षाने आत्मिक संपत्तीचे श्रेष्ठत्व नाकारले नव्हते. मतभेद होता तो ती कशाने मोजावी याविषयी. पोप जॉन यांनी कायद्यातील कल्पित भेद उघडा पाडला हे खरे; तथापि त्याबरोबर ज्या आदर्शासाठी तो भेद रचला गेला होता, तोही त्यांनी संशयास्पद ठरविला. ‘आध्यात्मिक’ गटाचे म्हणणे याहून साधे होते : मालकी कोणाचीही असो, ताटात किती आहे हे पाहावे. त्यागाला संस्थेचे रूप देताना नियम, दस्तऐवज आणि अधिकार अपरिहार्य ठरतात. मात्र त्यागाची जागा तेच घेऊ लागले, की आरंभीच्या प्रेरणेशी प्रामाणिक राहणारा माणूस संस्थेला बंडखोर वाटू लागतो. चौदाव्या शतकातील फ्रान्सिस्कन संघाच्या इतिहासातून हाच बोध होतो.