आजीची साक्ष : सवाई माधवरावांचा जन्म व गोपिकाबाई

गेल्या वैशाखांत बोनकोडे येथें आमच्या घरीं नात जन्मास आली. पंचांगाच्या समासांत जन्मकाल टिपून ठेवण्याची चाल आमच्याकडे तीन पिढ्यांची आहे. पूर्वी घटिका-पळें लिहीत. आतां इस्पितळाच्या चिठ्ठीवरील तास-मिनिटें उतरून घ्यावीं लागतात, इतकाच फरक. जुनीं पंचांगें चाळतां दिसलें तें असें कीं, नातवांचे काल पळापर्यंत नोंदले आहेत आणि नातींचे बहुधा नाहींतच. ही उणीव आमच्यापुरती मीं भरून काढिली. तें करीत असतां त्याच महिन्यांतील एका जुन्या तिथीचें स्मरण झालें, व तिजविषयीं चार शब्द लिहावे असें वाटलें.

ती तिथि म्हणजे वैशाख शुद्ध ७, शके १६९६, जयनाम संवत्सर, सोमवार. इंग्रजी तारीख १८ एप्रिल १७७४. त्या दिवशीं पुरंदरगडावर कैलासवासी नारायणराव पेशव्यांची पत्नी गंगाबाई प्रसूत होऊन पुत्र झाला. तेच पुढें सवाई माधवराव. नारायणरावांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत झाला होता. गंगाबाई गरोदर असल्याचें कळल्यावर सखारामबापू, नाना फडणीस प्रभृति कारभाऱ्यांनीं त्यांस जानेवारींत पुरंदरावर नेलें व त्यांच्या नांवें कारभार चालविला. बारभाईंचा हा इतिहास वाचकांस ठाऊकच आहे. त्याची पुनरुक्ति नको. आम्हांस पाहावयाचें आहे तें एवढेंच कीं, बालकाची आजी गोपिकाबाई यांना हा जन्म काय होता, आणि त्यांनीं नातू म्हणून केलेल्या स्वीकाराचें इतिहासांत मोल काय.

गोपिकाबाई रास्ते घराण्यांतील. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी. थोरले पुत्र विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर पडले. पति त्याच वर्षीं २३ जूनला पर्वतीवर वारले. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊरास क्षयानें गेले, आणि त्यानंतर नऊ महिने होतात न होतात तों नारायणराव मारले गेले. माधवरावांशीं न पटून बाई पूर्वीच नाशिकाजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या होत्या. पुत्रानें उत्तम लोकांची प्राप्ति होते, परंतु आनंत्य मिळतें तें पौत्रानें, असा मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायाचा अभिप्राय आहे. पति व तीन पुत्र यांस पिंड देणारा पुरुष त्यांच्या वंशांत उरला नव्हता. अशा स्थितींत पुरंदराहून नातवाची वार्ता आली. सोयर दहा दिवसांचें. पण वर्षाचें सुतक अद्याप सरलें नव्हतें. बालकाचें नांव ठेविलें तें मृत चुलत्याचें. बाईंच्या थोर कर्त्या पुत्राचें नांव पुन्हां पाळण्यांत उच्चारलें गेलें.

परंतु मूल खरें कीं बनावट, हा वाद लगेच उठला. रघुनाथरावांचें सारें भवितव्य याच प्रश्नावर अवलंबून होतें. गंगाबाईंबरोबर दुसऱ्याही गर्भवती स्त्रिया गडावर ठेविल्याची वदंता ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथांत नमूद आहे. आतां गणित पाहूं. वधापासून जन्मापर्यंत २३१ दिवस होतात. म्हणजे पूर्ण दिवसांची प्रसूति धरिल्यास वधाच्या वेळीं गर्भ महिना-सव्वा महिन्याचा असावा. पितृत्वाविषयींची शंका येवढ्यानें निरस्त होते. अदलाबदलीची शंका मात्र गणितानें फिटत नाहीं. तेथें साक्षच पाहिजे, आणि अशा प्रसंगीं घरांतील वडील स्त्रीची साक्ष पहिली.

चोवीसच वर्षांपूर्वी महाराष्ट्रानें अशा साक्षीचा विपरीत प्रकार पाहिला होता. रामराजा हा आपला नातू, असें ताराबाईंनीं शपथपूर्वक सांगितल्यावरून १७५० च्या जानेवारींत त्यांस साताऱ्याची गादी मिळाली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्यांनींच त्यांस किल्ल्यावर अडकविलें व हा आपला नातू नव्हेच असें जाहीर केलें. पहिली शपथ खरी कीं दुसरी, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. आमच्या मतें राजकारण फसल्यावर घेतलेल्या शपथेपेक्षां आधींची अधिक विश्वसनीय. गंमत अशी कीं, सवाई माधवरावांस चाळिसाव्या दिवशीं, २८ मे १७७४ रोजीं, पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं, तेव्हां तीं देणारे छत्रपति हेच रामराजे होते! ज्यांस आजीनें नाकारिलें, त्यांच्याच नांवें या नातवास पद मिळालें.

गोपिकाबाईंनीं असें कांहीं केलें नाहीं. त्यांनीं मूल आपलें म्हटलें, व तें शेवटपर्यंत. त्यांची साक्ष निःपक्षपाती होती असें मी म्हणत नाहीं. पुत्राच्या वधाचा दोष ज्यांच्यावर आला, त्या दिराचा पक्ष उचलून धरणें त्यांना अशक्यच होतें. परंतु बाईंचा स्वभाव कोणाच्या भिडेनें वागण्याचा नव्हता. पोटच्या कर्त्या पुत्रापासूनही त्या दूर होऊन राहिल्या. शिवाय परक्याच्या हातचा पिंड पतीस व पुत्रांस पोंचत नाहीं, ही श्रद्धा ज्या स्त्रीच्या हाडींमाशीं भिनलेली, ती केवळ कारभाऱ्यांच्या सोयीसाठीं खोटा नातू पत्करील, हें संभवनीय दिसत नाहीं. आम्हांस हाच पुरावा सर्वांत बळकट वाटतो.

याच गडावर १४ मे १६५७ रोजीं संभाजीराजे जन्मले होते. सव्वादोन वर्षांत सईबाई वारल्या आणि नातू जिजाबाईंच्या मांडीवर वाढला. सवाई माधवरावांची आईही १२ जुलै १७७७ रोजीं गेली. मात्र त्यांस सांभाळलें तें भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनीं. सख्ख्या आजीच्या वांट्यास आलें तें दुरून लिहिणें. गोपिकाबाईंनीं नातवास लिहिलेलें उपदेशपत्र प्रसिद्ध आहे. त्यांत लाडाचा विस्तार नाहीं. आहे ती दिनचर्येची व वर्तनाची कडक आंखणी. दोन पुत्रांचें राज्य जवळून पाहिलेली स्त्री तिसऱ्यास काय सांगेल, तेंच त्यांत आहे. संग्राहकांस माझी विनंति अशी कीं, रुमाल सोडतांना बायकांचीं पत्रें व जन्माचीं टांचणें 'घरगुती' म्हणून बाजूस टाकूं नयेत. वंशाचे वाद सुटतात ते पुष्कळदां अशाच कागदांवर.

या जन्माचा परिणाम आमच्या खाडीपर्यंत आला. गादीची वाट बंद झाल्यानें रघुनाथराव इंग्रजांकडे वळले. बोलणीं पुरीं होण्याआधींच, मूल आठ महिन्यांचें असतां, २८ डिसेंबर १७७४ रोजीं इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला; त्या वेढ्यांत त्यांचा आरमारी अधिकारी वॉटसन प्राणास मुकला. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहांत रघुनाथरावांनीं साष्टी व वसई देऊं केली. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई परत आली, साष्टी इंग्रजांकडेच राहिली. आणि बोनकोड्यासमोरचें पाणी तेव्हांपासून १८१७ पर्यंत पस्तीस वर्षें दोन राज्यांची शीव होऊन राहिलें. ठाण्याच्या त्या किल्ल्यांत आज मध्यवर्ती कारागृह आहे.